बंद केलेले क्रेडिट कार्ड पुन्हा घेताना: नियम, हक्क आणि सावधगिरी

पुणे, मुंबई, हैदराबादकडे कामाला गेलेले हिंगोली जिल्ह्यातले अनेक तरुण पगाराच्या खात्याबरोबर क्रेडिट कार्डही घेतात. पुढे नोकरी सुटते, घरची जबाबदारी येते, माणूस गावी परततो. कार्ड तो स्वतः बंद करतो किंवा वापराअभावी बँकच ते बंद करते. दोन-तीन वर्षांनी दुकान टाकायचे असते, स्पर्धा परीक्षेची फी ऑनलाइन भरायची असते किंवा दवाखान्याचा खर्च अंगावर येतो, आणि पुन्हा कार्ड घ्यावेसे वाटते. तेव्हा कळते की जुने कार्ड बंद झाले तरी त्याची नोंद बंद झालेली नाही.

प्रश्न एकट्या कार्डाचा असता तर एवढे लिहिण्याची गरज नव्हती. ज्या पतअहवालावर कार्डाचा अर्ज मंजूर किंवा नामंजूर होतो, तोच अहवाल मुद्रा कर्जाला, शैक्षणिक कर्जाला, घरकर्जाला आणि महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बँकेमार्फत होणाऱ्या कर्ज प्रकरणालाही पाहिला जातो. कार्डावरची दोनशे रुपयांची विसरलेली बाकी पुढे दोन लाखांच्या कर्जाच्या आड येऊ शकते. म्हणून वस्तीतल्या, विहारातल्या तरुणांच्या हाती राहावी अशी माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

जुने कार्ड कसे बंद झाले, हे आधी शोधा

पुन्हा अर्ज करण्यापूर्वी या एका प्रश्नाचे उत्तर मिळवा. कार्ड बंद होण्याचे चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा असतो.

पहिला प्रकार, सगळी बाकी भरून तुम्ही स्वतः बंद केलेले कार्ड. ही स्वच्छ नोंद आहे. हप्ते वेळेवर भरले असतील तर जुने खाते तुमच्या बाजूने साक्ष देते.

दुसरा प्रकार, वापराअभावी बँकेने बंद केलेले कार्ड. एक वर्षाहून अधिक काळ कार्ड वापरले नाही तर बँक ग्राहकाला कळवते आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही तर, बाकी नसल्यास, खाते बंद करते. यातही तुमच्यावर ठपका नसतो. अडचण येते ती वार्षिक शुल्काची. बंद होण्याआधी शुल्क लागले असेल आणि ते भरले गेले नसेल, तर ती रक्कम थकबाकी म्हणून दिसते.

तिसरा प्रकार सेटलमेंटचा. बाकी मोठी झाली, वसुलीवाल्याने "एवढे भरा, मिटवून टाकू" म्हटले आणि पूर्ण रकमेपेक्षा कमी पैसे भरून प्रकरण मिटले. आपल्याला वाटते की मिटले. अहवालात मात्र "सेटल्ड" असा शेरा पडतो. त्याचा अर्थ, या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत.

चौथा प्रकार, बँकेने निर्लेखित केलेले, म्हणजे "राइट ऑफ" केलेले खाते. बँकेने हिशेबातून रक्कम काढली म्हणजे कर्ज माफ झाले असा समज आपल्याकडे फार आहे. तो चुकीचा आहे. देणे कायम राहते आणि शेरा सर्वात वाईट पडतो.

कार्ड बंद करताना तुमचे हक्क

रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी कार्डांविषयीचे सविस्तर निर्देश काढले आणि ते १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यांतल्या काही गोष्टी प्रत्येकाला माहीत असाव्यात.

१. सगळी बाकी भरलेली असेल तर अर्ज केल्यापासून सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद झाले पाहिजे. उशीर झाला तर प्रत्येक दिवसाला ५०० रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे आहेत.

२. अर्ज टपालानेच पाठवा, असा आग्रह बँक धरू शकत नाही. हेल्पलाइन, ईमेल, संकेतस्थळ, मोबाइल अॅप असे मार्ग तिने खुले ठेवले पाहिजेत.

३. कार्ड बंद झाल्याचे ईमेल किंवा एसएमएसने लगेच कळवले पाहिजे. तो संदेश जपून ठेवा.

४. कार्डात तुमचेच पैसे शिल्लक असतील तर ते तुमच्या बँक खात्यात परत आले पाहिजेत.

५. न मागता कार्ड देता येत नाही. असे कार्ड देऊन शुल्क लावले तर बँकेने ते शुल्क परत करायचे आणि त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यायची.

६. न भरलेले शुल्क आणि कर मूळ रकमेत मिळवून त्यावर व्याज लावता येत नाही.

बंद करताना बेबाकी दाखला, म्हणजे "नो ड्यूज" पत्र, मागून घ्या. कार्डावरून आपोआप कटणारे मोबाइल रिचार्ज, विमा हप्ता, अॅपची वर्गणी आधी थांबवा. वस्तूचे ईएमआय चालू असतील तर ते संपेपर्यंत किंवा एकरकमी भरेपर्यंत खाते पूर्ण बंद होत नाही.

एक गोंधळ आपल्या भागात नेहमी दिसतो. भारतीय स्टेट बँकेच्या नावाचे कार्ड एसबीआय कार्ड्स अँड पेमेंट सर्व्हिसेस ही वेगळी कंपनी देते. त्यामुळे हिंगोलीच्या किंवा वसमतच्या शाखेत जाऊन "कार्ड बंद करा" म्हटले तर तेथून काम होईलच असे नाही. कार्ड कोणत्या कंपनीने दिले ते मासिक विवरणपत्रावर पाहा आणि तिच्याकडेच अर्ज करा.

बंद खाते पुन्हा चालू होते का?

साधारणपणे नाही. काही बँका थोड्या दिवसांच्या आत पुन्हा चालू करण्याची सोय देतात, पण ती त्यांची मर्जी असते, तुमचा हक्क नाही. बहुतेक वेळा नवा अर्ज, नवी पडताळणी, नवा कार्ड क्रमांक असाच मार्ग असतो. जुन्या ग्राहकाला पुन्हा कार्ड द्यायचे की नाही, किती काळाने द्यायचे, स्वागत भेट किंवा शुल्कमाफी द्यायची की नाही, हे प्रत्येक बँक आपल्या धोरणाने ठरवते. म्हणून "आता बंद करू, लागले की परत घेऊ" हे गृहीत धरू नका.

कधी कारण तुमच्यात नसते, बँकेत असते. रिझर्व्ह बँकेने २ डिसेंबर २०२० रोजी एचडीएफसी बँकेला नवे क्रेडिट कार्ड ग्राहक घेण्यास मनाई केली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ती उठवली. कोटक महिंद्रा बँकेवर अशीच बंदी २४ एप्रिल २०२४ रोजी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये उठली. त्या काळात या बँकांचे कार्ड बंद करून पुन्हा मागणाऱ्याला, त्याची पत कितीही चांगली असो, कार्ड मिळणार नव्हते. सिटी बँकेचा भारतातला किरकोळ व्यवसाय १ मार्च २०२३ रोजी अॅक्सिस बँकेकडे गेला. जुने कार्ड देणारी संस्थाच बदलली असेल तर जुनी कागदपत्रे कोणाकडे मागायची हे आधी पाहावे लागते.

अहवाल वाचल्याशिवाय अर्ज करू नका

आपल्याकडे "सिबिल खराब आहे" हा शब्द आता शेतीच्या बांधावरही ऐकू येतो. प्रत्यक्षात देशात अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्यांचे काम २००५ च्या पतमाहिती कंपन्या कायद्याखाली चालते. गुणांक ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यायचा आहे. ही सोय १ जानेवारी २०१७ पासून आहे. त्यासाठी एजंटाला पैसे देण्याची गरज नाही.

अहवाल हाती आला की पुढील गोष्टी तपासा:

- जुन्या कार्डापुढे "बंद" असा शेरा आहे का? की खाते अजून चालू दिसते?
- बाकी शून्य आहे का?
- नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता बरोबर आहे का? एकाच नावाची आणि आडनावाची माणसे आपल्या गावांत बरीच असतात. दुसऱ्याचे कर्ज तुमच्या नावावर दिसू शकते.
- पीक कर्ज, बचत गटाचे किंवा मायक्रोफायनान्सचे कर्ज, सोनेतारण, कोणाला जामीन राहिलेले कर्ज यांत थकबाकी आहे का?
- तुम्ही न केलेल्या अर्जांच्या चौकशा दिसतात का?

चूक आढळली तर पतमाहिती कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत तक्रार नोंदवा आणि बँकेलाही लेखी कळवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी दर पंधरवड्याला माहिती कळवायची असल्याने दुरुस्ती पूर्वीपेक्षा लवकर अहवालात दिसायला हवी.

सेटलमेंट झाले असेल तर

येथे घाई करून उपयोग नाही. तडजोडीने मिटवलेल्या कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेने ८ जून २०२३ रोजी चौकट घालून दिली. शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत, तडजोड करणाऱ्या कर्जदाराला त्या संस्थेने पुन्हा कर्ज देण्याआधी किमान १२ महिने जाऊ द्यायचे आहेत. बँक आपल्या धोरणाने हा काळ वाढवू शकते.

जमत असेल तर सूट मिळालेली उरलेली रक्कम भरण्याची तयारी बँकेला लेखी कळवा. भरल्यावर पूर्ण भरणा झाल्याचे पत्र घ्या आणि अहवालातला शेरा बदलण्याची मागणी करा. पैसे बँकेच्या खात्यातच भरा. वसुली प्रतिनिधीच्या हातात किंवा त्याच्या फोनवर भरू नका. "हजार-दोन हजार द्या, सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. खरी नोंद पैसे देऊन कोणी पुसू शकत नाही आणि चुकीची नोंद मोफत दुरुस्त होते.

नवा अर्ज: कागद, पत्ता आणि वेळ

पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा आणि उत्पन्नाचा पुरावा एवढे लागतेच. नोकरदाराला पगारपत्रक किंवा फॉर्म १६, धंदेवाल्याला आयकर विवरणपत्र आणि खात्याचा उतारा मागतात.

परतलेल्या तरुणाची खरी अडचण पत्त्यात असते. समजा, सेनगाव तालुक्यातला एक मुलगा चाकणला कामाला होता. पॅनला जोडलेला पत्ता पुण्याचा, आधारवर गावचा, मोबाइल क्रमांक बदललेला. अर्जात तिसराच पत्ता. अशा अर्जाची पडताळणी अडकते. आधी आधार, बँक खाते आणि मोबाइल क्रमांक एकमेकांशी जुळवून घ्या, मग अर्ज करा. शिवाय काही कार्डे ठरावीक पिनकोडवरच दिली जातात. हिंगोली, कळमनुरी, औंढा नागनाथकडे बँक कार्ड देते का, हे अर्जाआधी विचारा.

एकाच आठवड्यात चार-पाच बँकांकडे अर्ज करू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि एकापाठोपाठ चौकशा दिसल्या की हा माणूस पैशाच्या अडचणीत आहे असा अर्थ काढला जातो. अर्ज फेटाळला गेला तर कारण दूर करा, काही महिने थांबा, मग पुढचा अर्ज करा.

ज्याच्याकडे पगाराचा पुरावा नाही किंवा ज्याची नोंद बिघडली आहे, त्याला मुदत ठेवीवर मिळणारे कार्ड हा चांगला मार्ग आहे. ठेव तारण राहते आणि तिच्या काही टक्के रकमेएवढी मर्यादा मिळते. वर्षभर वेळेवर बिल भरले की नवी चांगली नोंद तयार होते.

हातात दोन कार्डे असतील आणि एक बंद करण्याचा विचार असेल तर हा हिशेब पाहा. एका कार्डाची मर्यादा ५०,००० आणि दुसऱ्याची ३०,०००, एकूण ८०,०००. महिन्याचा वापर २४,०००, म्हणजे मर्यादेच्या ३० टक्के. दुसरे कार्ड बंद केले की तोच २४,००० चा वापर ५०,००० च्या ४८ टक्के होतो. खर्च वाढला नाही, तरी गुणांकावर ताण येऊ शकतो. घरकर्ज किंवा मुद्राचा अर्ज तोंडावर असेल तर जुने, बिनशुल्क कार्ड घाईने बंद करू नका.

अर्ज फेटाळला तर

याच २०२२ च्या निर्देशांनुसार कार्डाचा अर्ज नाकारताना बँकेने नेमके कारण लेखी कळवायचे आहे. "सिस्टीमने रिजेक्ट केले" हे उत्तर पुरेसे नाही. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुनी पतनोंद नाही म्हणून फेटाळू नये, असेही रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ च्या निर्देशांत बँकांना सांगितले आहे.

कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कर्ज देताना लिंग, जात आणि धर्म यांवरून भेदभाव करू नये, हे कर्जदात्या संस्थांसाठीच्या न्याय्य व्यवहार संहितेत २००३ पासून स्पष्ट लिहिलेले आहे. प्रत्येक नकार जातीमुळेच असतो असे आम्ही म्हणत नाही. उत्पन्न, थकबाकी, पत्ता ही कारणे खरी असू शकतात. पण वस्तीचे नाव ऐकून, आडनाव पाहून अर्जच न घेणे हा प्रकार घडत असेल तर तो तोंडी वादात मिटवू नये. लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, लेखी कारण मागावे. कागद हाती असला तरच पुढे लढता येते.

तक्रारीचा क्रम असा आहे. आधी बँकेकडे किंवा कार्ड कंपनीकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. नोव्हेंबर २०२१ मध्ये एकात्मिक लोकपाल योजना सुरू झाल्यापासून देशभरासाठी एकच संकेतस्थळ आहे: सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन. मदतीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शुल्क नाही, वकील लागत नाही. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्यांविरुद्धची तक्रारही येथे करता येते. मुदत निघून जाऊ नये म्हणून वेळ दवडू नका. जिल्हा पातळीवर अग्रणी बँक व्यवस्थापकाकडेही प्रश्न मांडता येतो.

तक्रारीचा मजकूर साधा ठेवा: "मी अमुक तारखेला कार्ड बंद करण्याचा अर्ज दिला. सर्व बाकी भरली होती. पावती जोडली आहे. अहवालात खाते अजून चालू दिसते. ते बंद असे नोंदवावे, बेबाकी दाखला द्यावा आणि उशिराबद्दल नियमानुसार भरपाई द्यावी." एवढे पुरे.

फसवणुकीचे फोन

"तुमचे बंद कार्ड पुन्हा चालू करतो, मर्यादा वाढवून देतो, ओटीपी सांगा" असे फोन येतात. कार्ड चालू करण्यासाठी बँकेचा माणूस ओटीपी विचारत नाही. लिंकवरून अॅप उतरवू नका. बँकांची संकेतस्थळे आता "डॉट बँक डॉट इन" या पत्त्यावर असतात, तो पत्ता स्वतः टाइप करून उघडा. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. पहिल्या तासाभरात कळवले तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

घ्यावे का?

कार्डावरचे व्याज दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर. १०,००० रुपये थकले तर महिन्याचे ३५० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३ रुपये, मिळून ४१३ रुपये केवळ थांबण्याचे. "किमान रक्कम" भरत राहिले तर दंड टळतो, व्याज टळत नाही. ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असा निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. म्हणजे त्या ३० टक्क्यांच्या मर्यादेचा आधार आता उरलेला नाही. स्वतःची मर्यादा स्वतःच घालावी लागते.

भगवान बुद्धांनी गृहस्थाला पैशाविषयी मोघम उपदेश केला नाही. अंगुत्तर निकायातल्या व्याघ्घपज्ज सुत्तात दीघजाणूला त्यांनी समजीविता सांगितली, आयव्यय ओळखून, मिळकतीच्या आत राहून जगणे. अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगताना त्यांत अनणसुख, म्हणजे कोणाचे देणे नसल्याचे सुख, मोजले. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. त्याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक उभी राहिली. पैशाचे शास्त्र हे आपल्याला परके नाही.

म्हणून आमचे मत असे. महिन्याच्या महिन्याला पूर्ण बिल भरण्याची खात्री असेल, उत्पन्न नियमित असेल, तर कार्ड जरूर घ्या. त्यातून पत तयार होते आणि पुढे धंद्याला, शिक्षणाला कामी येते. हंगामी मजुरी असेल, हळद-सोयाबीनच्या पैशावर घर चालत असेल, तर महिन्याच्या ठरल्या तारखेला येणारे बिल जड जाते. तेथे आधी तीन महिन्यांच्या खर्चाची शिल्लक करा आणि मग ठेवीवरचे छोटे कार्ड घ्या. लग्न, मोबाइल किंवा जयंतीच्या वर्गणीसाठी कार्ड घासू नका.

विहारात दर महिन्याला एखादा रविवार यासाठी ठेवता येईल. पाच-सहा तरुणांनी आपापला मोफत अहवाल काढावा, एकत्र बसून वाचावा, चुका असतील तर तिथेच तक्रार भरावी. आईच्या बचत गटाचे आणि वडिलांच्या पीक कर्जाचे कागदही सोबत आणावेत. तासाभराचे काम आहे, खर्च शून्य आहे आणि कोणाच्या मुद्राच्या अर्जाआड काय उभे आहे ते अर्ज करण्याआधी कळते.

जय भीम. नमो बुद्धाय.